भुऱ्याचं दुखणं अन् खैऱ्याचं दावं

मी देऊळघाटचा. भाजीपाला पिकवणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही बळजबरीनं. माह्यं अक्षर म्हंजे बैल चालता चालता मुतला की मातीत उमटते तशी वाकडी रेघ. तरी हे मी स्वतःच्या हातानं लिहून राह्यलो. शबाना म्हणे, "बाबा, तुम्ही सांगा, मी लिहून घेते." मी म्हणलं, "काऊन? मले हात नाहीत का?"

शबाना ही बुलढाण्याची पोरगी. रस्त्यावरचे जखमी कुत्रे-मांजरं उचलते, दवाखान्यात नेते, बरे झाले की चांगलं घर पाहून देते. तिचं म्हणणं असं, की आंधळं, आजारी पिल्लू घरी आलं की लोक घाबरतात अन् मधातच सोडून देतात. त्यायच्यासाठी हे लिहिलं आहे. ज्यायले कुत्र्याचा कंटाळा आहे त्यायनं इथंच पान पलटावं. मले राग नाही.

खोकं

बाजारात मी वांगे घेऊन बसलो होतो. शबाना खोकं छातीशी धरून आली अन् म्हणे, "बाबा, एखादं रिकामं पोतं देता का?"

मी खोक्यात पाह्यलं. मुठीएवढं पिल्लू. रंग भुरा. दोन्ही डोळे पिवळ्या घाणीनं चिकटलेले, अन् मागून पाण्यासारखं रक्त जात होतं. वास असा, की माह्या शेजारी मेथी विकणाऱ्या गणपतनं नाकाले रुमाल लावला.

"ठेवतं कुठं याले?" मी विचारलं.

"तेच पाहून राह्यली बाबा. माह्या घरी आधीचेच पिल्लं हायेत, त्यायले लागण होईल. याले वेगळं ठेवा लागते."

गणपत म्हणे, "ते आजच मरते बाप्पा. कायले जीव खालीवर करता?"

मी म्हणलं, "मी नेतो."

गणपत असा हासला की त्याच्या मेथीवरचं पाणी माह्या आंगावर उडालं. "तुम्ही? बाबा, सोताच्या चपलेचा अंगठा शिवणं तुमच्याच्यानं होत नाही!"

झालं. तुमच्याच्यानं होत नाही, असं मले कोणी म्हणलं की माह्या आंगात कोण येते ते मले ठाऊक नाही. जवानीत सासरा असाच बोलला होता, हीर खोदणं याच्याच्यानं होत नाही म्हणून. ती हीर आजही पाणी देऊन राह्यली. म्या खोकं उचललं, वांगे तसेच गणपतच्या भरवशावर टाकले, अन् शबानाच्या गाडीवर मागं बसून गुरांच्या दवाखान्यात गेलो. लोकायले वाटते मले दया आली. दया नंतर आली. आधी हट्ट होता.

डोळे

दवाखान्यात आमच्या आधी एक गाय होती अन् एका बाईची बकरी. डॉक्टरसाहेब पोरगेलेच होते. त्यायनं कापूस ओला करून पिल्लाचे डोळे पुसले, पापण्या उघडल्या, अन् बॅटरीचा उजेड इकडून तिकडं फिरवला. पिल्लू उजेडाकडं पाहे ना. साहेब काही बोलले नाहीत. डॉक्टर बोलत नाही तेव्हा माणसानं समजून घ्यावं. पण मी समजून घेणारा माणूस नाही.

"साहेब, फूल पडलं असंल डोळ्यात. आमच्या बैलाच्या डोळ्यात पडलं होतं. औषध घातलं, निघून गेलं."

"हे फूल नाही बाबा. पोटाचा आजार औषधानं बरा होऊ शकतो, नक्की सांगत नाही. पण डोळे गेले आहेत."

"गेले म्हंजे?"

"म्हणजे परत येणार नाहीत."

बकरीवाली बाई म्हणे, "अरे देवा, त्यानं दुनिया पाह्यलीच नाही व माय." मले तिचा राग आला. काऊन आला ते आता सांगता येत नाही. म्या साहेबाले म्हणलं, "दुसऱ्या डॉक्टरले दाखवू का?" साहेब म्हणे, "दाखवा." शबानानं माह्यी बाही ओढली. शेवटी पिल्लाच्या पुढच्या पायाले सुई लागली अन् सलाईन सुरू झालं. पाय एवढासा, की सुई जाडी वाटे. म्या दोन बोटायनं तो पाय धरून ठेवला. बाटली रिकामी होईपर्यंत माह्या बोटाखाली त्याची नाडी फडफड करत होती.

ज्यायच्यावर असा दिवस येईन त्यायले एकच सांगतो. त्या दिवशी भांडून घ्या. डॉक्टरसंगं, देवासंगं, बकरीवाल्या बाईसंगं. पण सुई लागलेला पाय सोडू नका.

दूध

आमच्या गावात बायकोचं नाव घेत नाहीत. मी तिले सुमनची माय म्हणतो. सुमन आमची पोरगी, वरवट बकालले दिली. घरात आता दोघंच.

सुमनच्या मायनं खोकं पाह्यलं अन् पदर नाकाले लावला. "अवो, आपलंच आपल्याच्यानं होत नाही, अन् हे काय आणलं? मी घरात घेणार नाही. कोठ्यात ठेवा."

गुरांचा कोठा रिकामाच होता. शेवटचा बैल खैऱ्या. माह्ये गुडघे गेले तेव्हा त्याले विकला. त्याची गव्हाण, त्याचा खुंटा, अन् खुंटीवर त्याचं अंबाडीचं दावं, एवढं राह्यलं होतं. आमच्यात जनावर विकलं त दावं देत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं दावं आणावं. दावं गेलं की त्याच्यामागं घरची गुरंढोरं जातात, असं माह्या बापानं सांगतलं, त्याले त्याच्या बापानं. पोळ्याले आम्ही त्या रिकाम्या दाव्याले हळद-कुंकू लावत होतो.

डॉक्टरसाहेबानं बजावलं होतं, दूध द्यायचं नाही. म्या मनात म्हणलं, लेकराले दूध नाही त काय चटणी-भाकर देऊ? शेजारून गाईचं दूध आणलं, कोमट केलं, अन् कापसाच्या बोळ्यानं पाजलं. संध्याकाळपर्यंत पिल्लाची अशी हालत झाली की मान उचलत नव्हतं.

सुमनची माय खोक्यापाशी आली, पाह्यलं, अन् मले म्हणे, "झालं तुमचं? त्या पोरगेल्या डॉक्टरपेक्षा तुम्हाले जास्त समजते ना?" अन् मंग तिनंच ज्वारीच्या कण्यायची पातळ पेज शिजवली, मीठ टाकलं, गाळली, अन् बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या कडेनं थेंब थेंब सोडली. मी आपला कंदील पुसत बसलो, विजेची लाईन होती तरी.

तं दूध देऊ नका. तुम्ही माह्याएवढे हट्टी असले तरी देऊ नका. अन् पेज समोरून तोंडात ओतू नका, ठसका लागते. गालाच्या कडेनं सोडा.

टोपलीतले वांगे

मंग रोजचं सुरू झालं. सकाळी भाजीच्या टोपलीत गोणपाट, त्यात पिल्लू, वरून फडकं, अन् बुलढाण्याची गाडी. कंडक्टरनं पहिल्या दिवशी विचारलं, "बाबा, टोपलीत काय?"

"वांगे."

थोड्या वेळानं पिल्लू कुईकुई करू लागलं. सारी गाडी माह्याकडं पाहे. कंडक्टर म्हणे, "बाबा, तुमचे वांगे रडून राह्यले."

म्या म्हणलं, "आजारी हायेत. दवाखान्यात नेऊन राह्यलो." त्यानं माह्यं तिकीट फाडलं. नंतर नंतर तोच विचारे, "आज कसे हायेत वांगे?" अन् खिडकीजोळची जागा मोकळी करून दे. माणूस आजारात असला की अशा लहान गोष्टी फार ध्यानात राहतात. दवाखान्यातला एक माणूस सलाईनची बाटली आधी उन्हात ठेवे, थंड पाणी एवढ्याशा आंगात जाऊ नाही म्हणून. त्याले कोणी सांगतलं नव्हतं.

भीतीचंही सांगतो. म्हाताऱ्या माणसाले मरणाची सवय झालेली असते असं लोकायले वाटते. तसं काही नसते. मी वावरातून आलो की कोठ्याच्या दारातच थांबो. आत पाय टाकाले मन होत नसे. पोट हलताना दिसलं की मंग आत जावं. एकदा हललंच नाही. मी दाराले धरून उभा राह्यलो. हाक मारावी त त्याले नाव नव्हतं. नाव ठेवलं की जीव लागते म्हणून म्या ठेवलंच नव्हतं. तेवढ्यात त्यानं शिंक दिली.

नाव शेवटी सुमनच्या मायनं ठेवलं, जी त्याले घरात घेणार नव्हती. एका सकाळी मी हिरीवर होतो अन् ती कोठ्यातून ओरडत आली, "अवो! भुऱ्या हागला! घट्ट हागला!" शेजारचे लोक बाहेर आले. मी तिले म्हणलं, "गावभर सांगतं का?" पण हिरीच्या काठावर मलेच बसा लागलं.

दाव्याची वाट

पोट बरं झालं. डोळ्याची खोबण बसली, पापण्या मिटल्या त्या मिटल्याच. आता आंधळ्याले चालणं शिकवणं आलं. ते भिंतीवर आपटे, गव्हाणीवर आपटे, अन् मंग एका जागी थरथरत उभं राहे.

एक दिवस खैऱ्याचं दावं खुंटीवरून खाली पडलं होतं. भुऱ्याचं नाक त्याले लागलं. त्यानं वास घेतला, पाय त्याच्यावर ठेवला, अन् दाव्यावरून नाक घासत घासत या टोकाहून त्या टोकाले गेलं. कुठंच आपटलं नाही.

म्या तसंच बसून पाह्यलं. मंग जुना कासरा काढला, दाव्याले गाठ मारून जोडला, अन् आंगणात जमिनीवर टाकून खुंट्या मारल्या. त्याच्या पोत्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून शेवग्याखाली जिथं त्यानं घाण करावी तिथपर्यंत, अन् तिथून माह्या बाजेपर्यंत. त्या साऱ्याले आम्ही दावंच म्हणत होतो. त्यात खैऱ्याचा घाम होता अन् माह्या हाताचा. भुऱ्या त्याच्यावरून असा चाले जसा रेल्वेचा डबा रुळावरून. मी चप्पल घासत चालतो, गुडघ्यामुळं. तो आवाज आला की भुऱ्या पोत्यावरून उठे, दावं हुडके, अन् त्याच्यावरून बाजेपाशी येऊन माह्या पायावर हनुवटी ठेवे.

शबाना पाहाले आली. पाहून तिच्या डोळ्याले पाणी आलं. मंग म्हणे, "बाबा, आता याच्यासाठी घर पाहू ना? लोणारले एक रिटायर मास्तरीणबाई हायेत. त्यायच्या घरी आधीही आंधळा कुत्रा होता. म्हातारा होऊन वारला."

मी म्हणलं, "हे काय घर नाही का?"

सुमनची माय दारात उभी होती. ती म्हणे, "त्याले अजून लय आयुष्य हाये. तुम्हाले किती हाये?"

"मी काय उद्या मरून राह्यलो?"

"मी तसं नाही म्हणत. पण तुम्ही गेले त डोळेवाला कुत्रा मयत तरी पाहते. याले कोण सांगंल? हे हुडकतच बसंल."

म्या त्या दिवशी जेवलो नाही. तिच्यासंगं बोललोही नाही. शबानाले सांगतलं, लोणारचं नाव पुन्हा काढू नको.

मी पडलो

मंग कांद्याच्या वाफ्यात मीच पडलो. छातीत दगड ठेवल्यासारखं झालं. बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. माह्या हाताले सुई लागली, वर बाटली टांगली, अन् मले भुऱ्याचा तो एवढासा पाय आठवे. माह्या बोटाले धरणारं कोणी नव्हतं असं नाही. सुमन आली होती. पण मी हात पांघरुणात घातला. बापाले धरावं लागते हे पोरीनं पाहू नाही.

घरी आलो तेव्हा भुऱ्याच्या पाठीची हाडं दिसत होती. सुमनची माय म्हणे, "तुम्ही गेल्यापासून त्यानं तोंडाले काही लावलं नाही. दाव्यावरून बाजेपाशी जाये, रिकाम्या बाजेखाली बसे. उचलून पोत्यावर आणलं की पुन्हा तिथंच."

तिनं टोमणा मारला असता त मी भांडलो असतो. ती फक्त पेज घेऊन आली अन् भांडं माह्या हातात दिलं. माह्या हातचं त्यानं सारं चाटून खाल्लं.

तेव्हा मी सुमनच्या मायले म्हणलं, "शबानाले फोन लाव."

देणं

मास्तरीणबाई अन् त्यायचे मालक गाडी घेऊन देऊळघाटले आले. बाई शांत, हात मऊ. त्यायनं भुऱ्याले आधी हात लावला नाही. खाली बसल्या अन् त्याले आपला वास घेऊ दिला. म्हंजे जाणकार होत्या. मले त्यायच्यात काही खोट काढायची होती. निघाली नाही.

त्यायनं लाल रंगाचा नवा पट्टा आणला होता. इकडं म्या आंगणातल्या खुंट्या उपटल्या, दावं गुंडाळलं अन् खुंटीवर टांगलं.

बाई म्हणाल्या, "दादा, ती दोरी?"

"दावं देत नसतात आमच्यात," म्या म्हणलं. "जनावर न्या."

त्या समजदार बाई. रीत आहे म्हणल्यावर पुढं बोलल्या नाहीत. भुऱ्याले गाडीत ठेवताना त्याचं नाक खाली जमिनीकडंच होतं, काहीतरी हुडकत. मले वाटलं माह्ये पाय हुडकते. मी पाय मागं घेतले.

गाडी गेल्यावर शबाना माह्या बाजेवर बसली. म्हणे, "बाबा, रडा ना."

म्या म्हणलं, "कांदे भरायचे हायेत," अन् वावरात गेलो.

रिकामी टोपली

काही दिवसायनं शबानाचाच फोन आला. "बाबा, भुऱ्या खाऊन नाही राह्यला. सलाईन लावलं. बाई म्हणतात, आंगणात मधोमध उभा राहते अन् पाय उचलत नाही. बोलावलं तरी नाही."

खरं लिहायचं म्हणल्यावर हेही लिहितो. मले वाईट वाटलं, अन् त्याच्याखाली बरंही वाटलं. त्याले माह्याबिगर जमत नाही. म्या धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, अन् तीच भाजीची टोपली घेतली. घेऊनच येतो त्याले, म्हणलं. मरायचं ते मरू तवा.

सुमनची माय कोठ्यात गेली अन् दावं घेऊन आली. टोपलीत ठेवलं.

"हे कायले?"

"आधी हे देऊन पाहा. नाहीच खाल्लं त आणा."

"दावं देत नाहीत, माहीत नाही का तुले? बरकत जाते."

"आता कोठ्यात कोण हाये जायाले?" ती म्हणे. मंग हळूच बोलली, "त्याले वाट पाहिजे हो. आपण वाट काढून घेतली त्याची."

चिखली, मेहकर करत लोणारले पोचेपर्यंत ते दावं माह्या मांडीवर होतं. साऱ्या रस्त्यानं मी देवाले म्हणत होतो की दाव्याचा त्याले काही उपेग होऊ नको देऊ. असं म्हणत होतो, अन् ते पोट पाठीले लागलेलं पिल्लू डोळ्यापुढं होतं, अन् तरी म्हणत होतो.

बाईयच्या आंगणाले भिंत आहे, सावली आहे. भुऱ्या तसाच मधात उभा होता. लाल पट्टा गळ्यात ढिला झालेला. म्या दारातच चपला काढल्या अन् हातात घेतल्या. माह्यं चालणं ऐकू आलं असतं त मंग दाव्याचं काही समजलंच नसतं. बाईयले तोंडावर बोट ठेवून खूण केली. त्यायले लगेच समजलं.

दाव्याचं एक टोक बाईयनं भुऱ्याच्या नाकाखालून नेऊन पाण्याच्या भांड्यापाशी ठेवलं. दुसरं टोक माह्या हातात होतं.

त्याचं नाक हललं. मान खाली गेली. मंग एक पाय उचलला, दाव्यावर ठेवला. दुसरा ठेवला. शेपूट हलू लागली. पण तो पाण्याकडं गेला नाही. तो दाव्यावरून उलटा फिरला अन् माह्याकडं निघाला.

नाक घासत घासत येत होता, रुळावरून येतो तसा. मी तिथंच उभा राह्यलो असतो त त्याची हनुवटी माह्या पायावर आली असती, अन् टोपली रिकामी होतीच. मले फक्त उभं राहायचं होतं.

मले सुमनच्या मायचं बोलणं आठवलं, हुडकतच बसंल. म्या वाकून दाव्याचं टोक जमिनीवर ठेवलं अन् मागं सरकलो, भिंतीपर्यंत. खोकला आला, तो टोपी तोंडात कोंबून दाबला.

भुऱ्या टोकापर्यंत आला. जिथं माह्ये पाय होते तिथली फरशी त्यानं हुंगली. लय वेळ हुंगली. मंग मान वर केली अन् तसाच थांबला. त्याले समजलं की नाही, मी सांगू शकत नाही. साऱ्या दाव्यालेच माह्या हाताचा वास, त्यात मी कुठं निराळा कळणार.

मंग तो फिरला. दाव्यावरून परत गेला, भांड्यापाशी, अन् पाणी प्याला. बाईयनं भाताचं ताट सरकवलं. त्यानं खाल्लं.

मी अनवाणीच बाहेर आलो. कोपऱ्यापर्यंत चपला हातातच होत्या.

तुमच्याकडचं पिल्लू बरं होऊन दुसऱ्या घरी जाईन तेव्हा त्याच्या वासाचं जे असंल ते संगं द्या. पोतं असो, चिंधी असो, दावं असो. रीत नसली तरी द्या. हे सांगायसाठीच एवढं लिहिलं.

घरी आलो. सुमनच्या मायनं टोपलीत पाह्यलं. टोपली रिकामी होती. दावंही नव्हतं, भुऱ्याही नव्हता.

"खाल्लं ना?" तिनं विचारलं.

"खाल्लं."

तिनं माह्यं ताट वाढलं. मी हात धुवाले उठलो. चप्पल घासत मोरीकडं गेलो, तो आवाज झाला तसे दोघंही कोठ्याकडं पाहू लागलो.